खलाशांविना जहाजं आणि स्वच्छ सागरी वाहतूक: इंजिन रूममधून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: खलाशांविना चालणारी स्वयंचलित जहाजं आली की समुद्रमार्गे होणारी मालवाहतूक खरोखर प्रदूषणमुक्त होईल का, आणि त्याला किती वर्षं लागतील? जोडीला एक उपप्रश्न आहे. जहाजावर माणसंच लागणार नसतील, तर आज मरीन इंजिनिअरिंगला (जहाजाची यंत्रं) किंवा नॉटिकल सायन्सला (जहाज हाकण्याचं शास्त्र) प्रवेश घेण्यात अर्थ आहे का? नोकरीचा बराच काळ मी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढला, चीफ इंजिनिअर झालो आणि नंतर किनाऱ्यावरून जहाजांच्या यंत्रसामग्रीची देखभाल पाहू लागलो. ब्रिजवरचा, म्हणजे जिथून जहाज हाकलं जातं तिथला, अधिकारी या प्रश्नाकडे कदाचित वेगळ्या बाजूने पाहील. मी माझ्या बाजूने सांगतो.

आधी थोडक्यात. माणसं उतरवल्याने जहाजाचा धूर कमी होत नाही. धूर किती होणार हे टाकीत कोणतं इंधन आहे आणि जहाज किती वेगाने पळवलं जातंय, यावर ठरतं. स्वयंचलित यंत्रणेचा पर्यावरणाला फायदा होतो, पण दोनच वाटांनी. छोट्या अंतरावरचा ट्रकचा माल विजेवरच्या छोट्या जहाजांवर आणणं तिच्यामुळे परवडू शकतं, ही एक. आणि लांबच्या प्रवासात वेग, मार्ग आणि पोहोचण्याची वेळ यांचं गणित ती न कंटाळता, दर मिनिटाला नव्याने मांडू शकते, ही दुसरी. या दुसऱ्या फायद्यासाठी जहाज रिकामं करायची गरजच नाही.

पसारा केवढा आहे ते पाहा. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल, आकारमानाने मोजला तर, समुद्रावरून जातो. आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, हिच्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जहाजवाहतुकीतून सुमारे १०७.६ कोटी टन हरितगृह वायू बाहेर पडले. मानवनिर्मित उत्सर्जनातला हा वाटा २.८९ टक्के होतो. एक टन माल एक मैल नेण्याचा हिशेब केला, तर जहाजाइतकं काटकसरी वाहन दुसरं नाही. त्यामुळे जहाजं कमी करा, हा उपाय होऊ शकत नाही. जुलै २०२३ मध्ये आयएमओच्या सदस्य देशांनी २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट मान्य केलं. मालवाहू जहाज पंचवीस वर्षं सहज चालतं. म्हणजे आज गोदीत ज्याचा तळ रचला जातोय ते जहाज त्या मुदतीच्या दारात उभं असेल. आजचे निर्णय इतके महत्त्वाचे आहेत ते या कारणाने.

'स्वयंचलित जहाज' म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र असतं. आयएमओने २०२१ मध्ये आपल्या नियमांची छाननी पूर्ण केली तेव्हा चार पायऱ्या धरल्या होत्या. पहिल्या पायरीवर खलाशी जहाजावरच असतात आणि काही कामं व निर्णय यंत्रणा करते. दुसरीवर जहाज दुरून चालवलं जातं, पण माणसं जहाजावर असतात. तिसरीवर जहाज दुरूनच चालतं आणि वर कोणी नसतं. चौथीवर जहाज स्वतःच ठरवतं आणि स्वतःच चालतं. बातम्या बहुतेक चौथ्या पायरीच्या असतात. प्रत्यक्ष समुद्रावर जे काम चाललंय ते पहिल्या दोन पायऱ्यांवरचं आहे.

आजवर जमलेल्या गोष्टींची किंमत मी कमी करत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये 'फाल्को' ही फेरीबोट पाराइनेनहून नाउव्होला माणसाने हात न लावता गेली, आणि परतीच्या वाटेवर ती किनाऱ्यावरून चालवली गेली. जपानमध्ये निप्पॉन फाउंडेशनच्या 'मेगुरी २०४०' प्रकल्पात २०२२ च्या सुरुवातीला 'सनफ्लॉवर शिरेतोको' या १९० मीटर लांबीच्या फेरीबोटीने तोमाकोमाई ते ओआराई हे सुमारे ७५० किलोमीटरचं अंतर स्वयंचलित यंत्रणेवर कापलं. त्याच वर्षी 'प्रिझम करेज' हे एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, वाहून नेणारं जहाज अमेरिकेतल्या फ्रीपोर्टहून पनामा कालव्यातून दक्षिण कोरियात पोहोचलं. त्या सुमारे २० हजार किलोमीटरच्या प्रवासातला निम्मा भाग यंत्रणेने सांभाळला. इंधनाची कार्यक्षमता त्यामुळे सुमारे ७ टक्क्यांनी सुधारल्याचं यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं. या जहाजांवर खलाशी होते, आणि इंधन वाचलं ते खलाशी असतानाच वाचलं, हे ध्यानात ठेवा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नॉर्वेतलं 'यारा बिर्कलँड'. लांबी ८० मीटर, क्षमता १२० कंटेनरची, बॅटरी सुमारे ७ मेगावॉट-तासांची. यारा या खत बनवणाऱ्या कंपनीचा माल हेरोयाच्या कारखान्यातून ब्रेव्हिक बंदरात पोहोचवायचा, एवढंच त्याचं काम. २०२२ च्या वसंतात ते व्यापारी फेऱ्यांना लागलं. ब्रिजवर सुरुवातीला माणसं ठेवायची आणि अनुभव येईल तशी ती कमी करायची, असं नियोजन होतं. वर्षाला डिझेल ट्रकच्या सुमारे ४० हजार फेऱ्या त्याने वाचाव्यात, ही त्यामागची कल्पना. ओस्लोच्या खाडीत मॉस आणि होर्टेन यांच्यामध्ये आस्को या किराणा मालाच्या घाऊक कंपनीच्या 'मारित' आणि 'तेरेसे' या दोन विजेवरच्या फेरीबोटीही अशाच: ६७ मीटर लांबीच्या, प्रत्येकी १६ ट्रेलर नेणाऱ्या. त्या कोचीन शिपयार्डने बांधल्या.

या जहाजांचं महत्त्व कळायला खर्चाची मांडणी पाहावी लागते. जहाज लहान असो की मोठं, खलाशांची संख्या त्या प्रमाणात बदलत नाही. २० हजार कंटेनरच्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. शंभर कंटेनरच्या जहाजावर ती दोनशेपटीने कमी करता येत नाहीत. कॅप्टन लागतो, वॉचसाठी, म्हणजे पाळीपाळीच्या पहाऱ्यासाठी, अधिकारी लागतात, इंजिनिअर लागतो, दोर टाकायला माणसं लागतात. कंटेनरमागे पगाराचा बोजा लहान जहाजावर असह्य होतो, म्हणून जहाजं मोठी होत गेली आणि छोट्या बंदरांमधला माल रस्त्यावर गेला. एक ऑपरेटर किनाऱ्यावरच्या केंद्रातून तीन-चार छोटी जहाजं पाहू शकला, तर हे गणित उलटतं. छोटं जहाज पुन्हा परवडायला लागतं, अंतर कमी म्हणून बॅटरी पुरते, आणि ट्रकचा धूर, टायरचा कचरा, रस्त्यावरची गर्दी असं बरंच काही एकदम वाचतं. स्वयंचलित जहाजांचा पर्यावरणाला सर्वांत मोठा थेट उपयोग होणार तो खाड्यांमध्ये, नद्यांमध्ये आणि बेटांदरम्यान. महासागरावर जाणाऱ्या महाकाय जहाजांचा क्रम त्यानंतर लागतो.

मग तीच बॅटरी मोठ्या जहाजावर का नाही? मोठ्या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन ३० मेगावॉटवर चाललं, तर दिवसाला ७२० मेगावॉट-तास ऊर्जा लागते. 'यारा बिर्कलँड'च्या सुमारे शंभर बॅटऱ्या एका दिवसात रिकाम्या होतील, आणि प्रवास असतो दोन-तीन आठवड्यांचा.

आता माझ्या घरात येतो, म्हणजे इंजिन रूममध्ये. स्वयंचलित जहाजांची चर्चा नेहमी ब्रिजभोवती फिरते: कॅमेरे, रडार, टक्कर टाळणारं सॉफ्टवेअर. तो भाग सोपा नाही, पण वेगाने सुटतोय. अडलंय ते खाली.

रात्री इंजिन रूममध्ये कोणी नसणं ही नवी गोष्ट नाही. अनेक दशकांपासून 'यूएमएस', म्हणजे काही काळ माणसाविना चालणाऱ्या इंजिन रूमचं, प्रमाणपत्र असलेल्या जहाजांवर संध्याकाळी फेरी मारून, दिवे मंद करून इंजिनिअर वर येतात आणि अलार्म ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनकडे वळवला जातो. म्हणजे यंत्रं रात्रभर एकटी चालू शकतात. पण ती चालतात ती दिवसभर कोणीतरी त्यांची उस्तवार केलेली असते म्हणून, आणि अलार्म वाजल्यावर काही मिनिटांत कोणीतरी खाली उतरणार असतं म्हणून.

तो अलार्म बहुतेक वेळा कशाचा असतो? जड इंधन, म्हणजे हेवी फ्युएल ऑइल, थंड असताना डांबरासारखं असतं. ते तापवून टाकीत स्थिरावू द्यायचं, सुमारे ९८ अंशांवर प्युरिफायरमधून काढून पाणी आणि गाळ वेगळा करायचा, मग आणखी तापवून, पातळ करून, फिल्टरमधून इंजिनच्या पंपांपर्यंत न्यायचं. त्यात तेलशुद्धीकरण कारखान्यातून आलेले ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे बारीक कण असतात. ते निसटले तर पंप आणि सिलिंडर लायनर खरवडून काढतात. शांत समुद्रात हे सगळं सुरळीत चालतं. वादळात जहाज हेलकावे खाऊ लागलं की टाकीच्या तळाशी महिनोन् महिने बसलेला गाळ ढवळून वर येतो आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढत जातो. स्वतः साफ होणारा फिल्टर दर काही मिनिटांनी पाणी उडवावं तसं तेल उलटं मारत राहतो आणि तरी तुंबतो. इंजिनची सर्वाधिक गरज असते त्याच रात्री इंजिन उपाशी पडायची वेळ येते. अशा वेळी दोन माणसं गरम फिल्टर उघडतात, जाळी काढतात, डिझेलमध्ये धुतात, परत बसवतात, आणि तोवर दुसरा फिल्टर भरलेला असतो. हे काम यंत्रमानवाकडून, डोलणाऱ्या जहाजावर, पंचेचाळीस अंश उष्णतेत करून घेण्याची व्यवस्था आज कोणाकडेही नाही.

शिवाय इंजिनिअर जे पाहतो ते सगळं सेन्सरमध्ये येत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या आवरणावर आणि मूठ कानाला लावली की बेअरिंग कधी जाणार याचा अंदाज येतो. आता कंपनं मोजणारे सेन्सर हे काम चांगलं करतात, काही बाबतींत आमच्या कानापेक्षा चांगलं करतात, आणि ते जहाजावर यावेत यासाठी मी स्वतः आग्रह धरला आहे. पण सेन्सर बिघाड सांगतो. पाइपला गेलेली बारीक चीर रबर आणि पट्टी गुंडाळून पुढच्या बंदरापर्यंत धकवायला हात लागतात.

म्हणूनच खलाशांविना जहाज आणि स्वच्छ इंधन हे दोन विषय एकत्र येतात, आणि ते इथेच येतात. विजेच्या मोटरला प्युरिफायर नाही, इंजेक्टर नाहीत, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहीत. जड इंधनाचं जहाज माणसांशिवाय महासागर पार करू शकेल असं मला वाटत नाही. विजेवरचं छोटं जहाज माणसांशिवाय खाडी पार करेल याबद्दल मला शंका नाही. 'यारा बिर्कलँड'ची बातमी झाली ती 'चालकाविना' या शब्दामुळे, पण ते चालकाविना चालण्याच्या लायकीचं झालं ते बॅटरीमुळे.

बॅटरीलाही तिचे धोके आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्या 'युटरोयनिंगेन' या फेरीबोटीवर बॅटरी कक्षात आग लागली आणि दुसऱ्या दिवशी तिथेच स्फोट झाला. आग विझल्यासारखी दिसली तरी लिथियमच्या बॅटरीतून निघणारा ज्वलनशील वायू साठत राहतो. माणूस नसलेल्या जहाजावर हा वायू ओळखणारी, बाहेर काढणारी आणि बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा कोणाच्या मदतीशिवाय चालली पाहिजे.

अपघातांबद्दल एक आकडा या विषयात हमखास फेकला जातो: ७५ ते ९६ टक्के अपघात मानवी चुकीमुळे होतात, म्हणून माणूस काढा. हा तर्क मला पटत नाही. माणसाने केलेली चूक अहवालात येते. माणसाने वेळेत थांबवलेला अपघात लॉगबुकच्या एका ओळीतही येतोच असं नाही. ज्याची मोजदाद होत नाही ते शून्य धरून काढलेली टक्केवारी धोरणाचा पाया होऊ शकत नाही.

'डाली' जहाजाची घटना या दृष्टीने बारकाईने पाहावी. २६ मार्च २०२४ च्या पहाटे सुमारे ३०० मीटर लांबीचं हे कंटेनर जहाज बाल्टिमोर बंदरातून बाहेर पडत असताना त्याची वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. काही मिनिटांत ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर रस्त्याची डागडुजी करणाऱ्या सहा कामगारांचा जीव गेला. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेला पहिल्या ब्लॅकआउटचं मूळ एका सैल तारेत सापडलं. तारेवर तिचा क्रमांक दाखवणारी लेबलची छोटी पट्टी अशी बसवली होती की तारेचं टोक जोडणीत पूर्ण आत गेलंच नाही. मोठ्या जहाजाच्या विद्युत यंत्रणेत अशा हजारो जोडण्या असतात. दुसरा ब्लॅकआउट झाला त्यामागे जनरेटरना इंधन पुरवण्यासाठी वापरात असलेला एक पंप होता, जो वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता.

यातून दोन्ही बाजूंना शिकण्यासारखं आहे. जहाजावर माणसं होती, तरी चार मिनिटांत त्या तारेपर्यंत पोहोचणं कोणालाही शक्य नव्हतं. ठराविक काळाने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पॅनल तपासले असते, तर सैल जोडणी कदाचित आधीच दिसली असती. म्हणजे इथे यंत्राची नजर माणसाच्या नजरेहून कामाची आहे. दुसरी बाजू अशी, की त्याच चार मिनिटांत पायलटने, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराने, रेडिओवरून इशारा दिला, पोलिसांनी पुलावर येणारी वाहनं अडवली आणि अनेकांचे जीव वाचले. नांगर टाकायचा हुकूमही सुटला. जहाजावरची वीज गेलेली असताना किनाऱ्यावरच्या ऑपरेटरकडे हे करायला जिवंत दुवा राहिला असता का? खलाशांविना जहाजाच्या प्रत्येक आराखड्याला मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो.

उत्तर असतं ते दुहेरी यंत्रणेचं: दोन स्वतंत्र इंजिन रूम, दोन प्रोपेलर, दोन सुकाणू, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी. आणि इथे एक अवघड पेच उभा राहतो. आजच्या बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांना एकच मुख्य इंजिन, एकच प्रोपेलर आणि एकच सुकाणू असतं, कारण तीच रचना सर्वांत काटकसरी आहे. हे संथ फिरणारं टू-स्ट्रोक इंजिन इंधनातली सुमारे निम्मी ऊर्जा दांड्यावर उतरवतं; उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांमध्ये हा फार वरचा आकडा आहे. एका मोठ्या, संथ प्रोपेलरच्या जागी दोन लहान लावले की सहसा इंधन जास्त लागतं. सुरक्षितपणे माणसांविना चालायचं तर यंत्रं दुप्पट हवीत, आणि यंत्रं दुप्पट केली की उत्सर्जन वाढण्याची शक्यता. खोल समुद्रातल्या जहाजांसाठी हा पेच आजही सुटलेला नाही.

आता दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे वेग आणि वेळ. पुढच्या दहा वर्षांत सर्वांत जास्त कार्बन इथेच वाचणार आहे असं माझं मत आहे, आणि यावर बातम्या सर्वांत कमी येतात.

जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती २७ टक्क्यांनी कमी लागते. प्रवासाला वेळ थोडा जास्त लागतो, तरी पूर्ण प्रवासाचं इंधन सुमारे १९ टक्क्यांनी वाचतं. समजा ४,८०० सागरी मैलांचा प्रवास आहे. १६ नॉट, म्हणजे तासाला १६ सागरी मैल, या वेगाने तो ३०० तासांत होतो. १४.४ नॉटने गेलं तर सुमारे ३३३ तास. आता बंदरात धक्का मोकळा होणार आहे तो ३३३ व्या तासाला. मग ३०० तासांत पोहोचून बंदराबाहेर नांगर टाकून ३३ तास जनरेटर चालवत उभं राहण्याने काय साधलं? पाचव्या हिश्शाइतकं इंधन उगाच जळालं, आणि धक्का मिळाला तो त्याच वेळी.

तरीही जहाजं हेच करतात, आणि त्यात कॅप्टनचा दोष नसतो. भाडेकरारात लिहिलेलं असतं की जहाजाने विनाविलंब पोहोचावं. अनेक बंदरांत जो आधी पोहोचतो त्याचा नंबर आधी लागतो. पोहोचल्याची नोटीस दिली की घड्याळ सुरू होतं, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला तर डेमरेजचे पैसे मिळतात. सावकाश आलेल्या जहाजाला यातलं काहीच मिळत नाही. मी अशा वेळी इंजिन रूममध्ये होतो: पूर्ण वेगाने येताना सिलिंडरचं तापमान आणि तेलाचा खप पाहत होतो, आणि वर गेल्यावर क्षितिजापर्यंत नांगरलेली जहाजं दिसत होती. सगळी अशीच घाईने आलेली. इंजिनिअर म्हणून त्या वाया गेलेल्या तेलाचं मला जेवढं वाईट वाटतं, तेवढं दुसऱ्या कशाचं क्वचितच वाटलं असेल.

बंदर, पायलट, टगबोट, क्रेन आणि जहाज यांच्या वेळा एकमेकांशी सतत बोलत राहिल्या, तर ही नासाडी थांबवता येते. बिम्को या जहाजमालकांच्या संघटनेने नेमक्या वेळी पोहोचण्यासाठी कराराची नमुना कलमंही तयार केली आहेत. स्वयंचलित यंत्रणा इथे चपखल बसते. हवामान, प्रवाह, लाटा, तळावर वाढलेलं शेवाळ, बंदरातली रांग हे सगळं धरून दर तासाला योग्य वेग ठरवणं हे माणसाला थकवणारं काम आहे आणि यंत्राला नाही. पण करार बदलला नाही, तर जगातलं सर्वांत हुशार जहाजसुद्धा नांगर टाकायलाच घाईने पळत येईल. (तळाचा विषय निघालाच आहे म्हणून: शेवाळ आणि शिंपले वाढलेला तळ वेळेवर साफ करणं, प्रोपेलर घासून गुळगुळीत ठेवणं, ही कामं कोणाला आकर्षक वाटत नाहीत. इंधन मात्र त्यांनीही वाचतं, आणि लगेच वाचतं.)

इंधनाबद्दल माझं मत ठाम आहे: लांबच्या प्रवासासाठी एकच विजेता निघणार नाही. मिथेनॉल हाताळायला त्यातल्या त्यात सोपं. २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' या २,१०० कंटेनरच्या जहाजाने त्यावर प्रवास सुरू केला. पण तेवढ्याच अंतरासाठी टाकी सुमारे अडीचपट मोठी लागते, आणि मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून बनवलेलं असेल तर हवामानाला काहीच मिळत नाही. ते जैविक किंवा अक्षय ऊर्जेवर बनलेलं हवं. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून आग ओळखायला इन्फ्रारेड सेन्सर बसवावे लागतात. अमोनियात कार्बनच नाही, पण तो विषारी आहे, टाकी जवळपास तिप्पट लागते, आणि ज्वलनात नायट्रस ऑक्साइड निसटला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल इतका तो तीव्र हरितगृह वायू आहे. एलएनजीत न जळता निसटणाऱ्या मिथेनचा तसाच प्रश्न आहे. अमोनियाच्या जहाजावर माणसं कमी असणं सुरक्षिततेला धरून आहे. पण गळती झाल्यावर ती थांबवायला कोण जाणार, हा प्रश्न तिथे जास्त टोकदार होतो.

वारा मात्र फुकट आहे आणि त्याला टाकी लागत नाही. 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर २०२३ मध्ये ३७.५ मीटर उंचीची दोन ताठ शिडं बसवली, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं. ही शिडं फिरवायला डोलकाठीवर चढावं लागत नाही. वाऱ्याचा कोन मोजून यंत्रणा ती स्वतः वळवते. शिडं आणि हवामानानुसार मार्ग निवडणारं सॉफ्टवेअर ही जोडी मला फार आशादायक वाटते.

नियम आणि धोके यांच्यावर थोडक्यातच लिहितो. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम नजरेने आणि कानाने पहारा ठेवायला सांगतो. कॅमेरा आणि मायक्रोफोनला तो दर्जा द्यायचा की नाही, हे कायद्याने ठरवावं लागेल. समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणं हे प्रत्येक जहाजाचं कर्तव्य आहे. रिकामं जहाज बुडणाऱ्याला वर कसं घेणार, हा प्रश्न तांत्रिक तपशिलात हरवू देता कामा नये. आयएमओच्या वेळापत्रकानुसार स्वयंचलित जहाजांची ऐच्छिक संहिता २०२६ साठी ठरली, आणि बंधनकारक संहिता १ जानेवारी २०३२ पासून लागू करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. उपग्रहाच्या खोट्या संकेतांचा धोकाही खरा आहे: जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात किमान २० जहाजांना त्यांच्या जीपीएसने आपण जमिनीवरच्या विमानतळावर असल्याचं दाखवलं. त्या दिवशी अधिकाऱ्यांना खिडकीबाहेर पाणी दिसत होतं. ज्या जहाजाला खिडकीच नाही, त्याने रडार, किनाऱ्याची ठेवण आणि स्वतःच्या वेगाचा हिशेब यांवरून जीपीएसला खोटं ठरवायला शिकलं पाहिजे.

किती वर्षं? संरक्षित पाण्यात, ठरलेल्या मार्गावर, विजेवर: हे सुरू झालेलं आहे, आणि २०३० च्या दशकात सर्रास दिसेल असा माझा अंदाज आहे. महासागरी जहाजांवर ब्रिजवरचा रात्रीचा पहारा यंत्रणेच्या मदतीने हलका होईल, माणसं थोडी कमी होतील. पूर्ण रिकामं महासागरी जहाज माझ्या डोळ्यांसमोर येतं ते इंधन आणि इंजिन दोन्ही बदलल्यानंतरचं.

म्हणून उपप्रश्नाचं उत्तर: प्रवेश घ्या, फक्त जुन्या अभ्यासक्रमावर थांबू नका. इंजिनिअरिंगकडे जाणार असाल तर उच्च दाबाची वीज, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रण यंत्रणा यांत पक्के व्हा. जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर, म्हणजे ईटीओ, या पदाला पुढे मोठी मागणी राहील. कमी ज्वलनबिंदू असलेल्या इंधनांसाठीची जी आयजीएफ संहिता आहे, तिच्याखालचं प्रशिक्षण लवकर घ्या, कारण ज्या जहाजांना मागणी वाढतेय त्यांवर ते नसलं तर चढताच येत नाही. नॉटिकलकडे जाणार असाल तर रडार आणि सेन्सरचा डेटा कुठे चुकतो, हे मुळापासून शिका. किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्रात बसायचं स्वप्न असेल, तरी आधी काही वर्षं समुद्रावर काढा. स्क्रीनवर कोपऱ्यात वाढत चाललेला फिल्टरचा आकडा पाहून, पुढच्या दोन तासांत काय होणार आहे, हे ज्याने तो फिल्टर हाताने उघडलाय त्याला लगेच कळतं, आणि अशीच माणसं त्या केंद्रांना हवी आहेत.